पुराणांतलीं वांगीं आणि उसाचा फड

राजसत्ता मनुष्यानें निर्माण केली ती उपदेश ऐकण्यासाठीं नव्हे. उपदेशासाठीं साधुसंत आहेत, कीर्तनकार आहेत, घरांतील वडील मंडळी आहेत. आणि यांपैकीं कोणी जवळ नसलें तर सुभाषितांचीं पुस्तकें आहेत. उपदेश जेथें थकतो तेथून पुढचें काम करावें म्हणून सरकार नांवाची संस्था जन्मास आली. चोरी करूं नये असें सांगणारा धर्मग्रंथ आणि चोरी केल्यास काय शिक्षा होईल हें सांगणारा दंडविधि, यांतील भेद शाळेंतल्या मुलासहि समजतो. परंतु व्यापार-उद्योगांत राबणाऱ्या माणसांच्या हक्कांचा प्रश्न आला कीं, जगांतील बहुतेक सरकारें हा भेद बुद्धिपुरस्सर विसरतात. चोरानें चोरी करूं नये म्हणून सरकार त्यास प्रोत्साहन देत नाहीं. मग कारखानदारानें मजुराचा हक्क बुडवूं नये म्हणून मात्र मार्गदर्शन, प्रशस्तिपत्र आणि पारितोषिक यांचा खुराक कां चालू ठेवावा लागतो, हा आमचा प्रश्न आहे.

प्रश्नाचें मूळ थोडें मागें जाऊन पाहिलें पाहिजे. जून २०११ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेनें उद्योगधंदे व मानवी हक्क यांविषयींचीं ३१ मार्गदर्शक तत्त्वें मान्य केलीं. हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन रगी यांनीं अनेक वर्षें खपून तीं तयार केलीं होतीं. त्यांचा मथितार्थ तीन वाक्यांत सांगतां येतो. माणसाच्या हक्कांचें रक्षण करणें हें सरकारचें कर्तव्य आहे. त्या हक्कांचा आदर राखणें ही कंपन्यांची जबाबदारी आहे. आणि जेथें हक्क मोडला जाईल तेथें पीडितास दाद मिळाली पाहिजे. या तिन्ही वाक्यांशीं आमचें कांहींएक भांडण नाहीं. आमचें भांडण आहे तें सरकारांनीं या तिहींतून केलेल्या निवडीशीं. पहिलें वाक्य सरकारला कामाला लावणारें, तिसरें वाक्य सरकारला न्यायालयांत उभें करूं शकणारें, आणि मधलें तेवढें दुसऱ्यास शिकवितां येण्याजोगें. सरकारांनीं मधलें वाक्य उचललें, पोथीसारखें पाटावर ठेविलें, आणि पुराण सांगण्यास आरंभ केला. या पुराणास "राष्ट्रीय कृति-योजना" असें नांव आहे. पहिली योजना २०१३ सालीं ब्रिटननें प्रसिद्ध केली, आणि मागाहून अनेक देशांनीं तिचा कित्ता गिरविला. नांवांत कृति आहे. परंतु आंत बहुतकरून अपेक्षा, आवाहन व आशा यांचेंच साम्राज्य असतें.

हें आम्ही केवळ टीकेच्या हौसेनें म्हणत नाहीं. ज्या ब्रिटननें पहिली योजना काढली त्याच ब्रिटनच्या २०१५ सालच्या आधुनिक गुलामगिरीविषयक कायद्याचें ५४ वें कलम पाहावें. ज्या कंपनीची वार्षिक उलाढाल ३ कोटी ६० लक्ष पौंड वा त्याहून अधिक आहे, तिनें आपल्या व्यवहारांत गुलामगिरी राहूं नये म्हणून काय केलें याचें निवेदन दरसाल प्रसिद्ध करावें, असें तें कलम सांगतें. येथवर ठीक आहे. परंतु पुढें तेंच कलम असेंहि सांगतें कीं, कंपनीनें कांहींच केलें नसेल तर "आम्ही कांहीं केलें नाहीं" एवढें निवेदन दिल्यानेंहि कायद्याचें पालन होतें! शिवाय निवेदन न दिल्याबद्दल दंडाची तरतूद त्या कलमांत नाहीं. विद्यार्थ्यानें कोऱ्या वहीवर "अभ्यास केला नाहीं" असें लिहून सही करावी आणि गुरुजींनीं त्यास उत्तीर्ण करावें, असा हा प्रकार आहे. फरक इतकाच कीं, येथें नापास होणारा विद्यार्थी नसून दूर देशींच्या एखाद्या शेतांत वा कारखान्यांत राबणारा मनुष्य असतो.

जर्मनीची कथा याहून बोधप्रद आहे. कारण त्या देशानें निदान आपल्या उपदेशाची परीक्षा घेतली. २०१६ सालच्या तेथील योजनेंत असें ठरलें होतें कीं, ५०० हून अधिक नोकर असलेल्या कंपन्यांपैकीं निम्म्या कंपन्यांनीं २०२० पर्यंत मानवी हक्कांची काळजी घेण्याची व्यवस्था आपखुषीनें अमलांत आणावी. मुदत भरल्यावर सरकारनेंच तपासणी करविली. निकाल निघाला तो शेंकडा १३ ते १७ कंपन्यांचा! चार वर्षें आर्जव केल्यावर सहा कंपन्यांपैकीं एक वळली. तेव्हां २०२१ सालीं जर्मन संसदेनें कायदा केला, २०२३ पासून तो अमलांत आला, आणि त्यांत तपास करणारें खातें व दंड या दोन्ही गोष्टी आल्या. फ्रान्सनें याच्या आधीं, २०१७ सालीं, कायदा केला होता. त्याचें तात्कालिक कारण सर्वांस स्मरत असेल. ढाक्याजवळ सावर येथील राणा प्लाझा नांवाची आठ मजली इमारत २४ एप्रिल २०१३ रोजीं कोसळली आणि शिवणकाम करणारीं अकराशेंहून अधिक माणसें तिच्याखालीं सांपडून मेलीं. आदल्याच दिवशीं भिंतींना तडे गेलेले सर्वांनीं पाहिले होते. तरी मजुरांना पुन्हां आंत धाडण्यांत आलें. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, त्या इमारतींतील कांहीं कारखान्यांची खाजगी परीक्षकांकडून तपासणी आधीं होऊन गेली होती. कागद शाबूत होते, इमारत शाबूत नव्हती. फ्रेंच कायद्याचें मर्म असें कीं, बड्या कंपनीनें आपल्या उपकंपन्या व ठेकेदार यांच्याकडील धोक्यांवर नजर ठेवण्याची योजना आंखलीच पाहिजे, आणि त्यांत हयगय होऊन कोणाचें नुकसान झालें तर त्यास फ्रान्सच्या न्यायालयांत दाद मागतां आली पाहिजे. युरोपीय संघानें २०२४ सालीं हेंच तत्त्व आपल्या सर्व देशांसाठीं स्वीकारलें; आणि दुसऱ्याच वर्षीं, उद्योगपतींच्या आरड्याओरड्यापुढें नमून, त्याची अंमलबजावणी पुढें ढकलली. उपदेशाला विरोध करण्यास कोणी येत नाहीं. कायद्याला विरोध करण्यास मात्र सारे धांवून येतात. दोहोंपैकीं काम कशानें होतें हें ओळखण्यास याहून सोपी खूण नाहीं.

आतां आपल्या देशाकडे वळूं. येथेंहि २०११ सालींच कंपनी-व्यवहार पाहणाऱ्या केंद्रीय मंत्रालयानें मार्गदर्शक तत्त्वें काढलीं. त्यांच्या नांवांतच "स्वेच्छा" हा शब्द होता. २०१९ सालीं त्यांची सुधारलेली आवृत्ति निघाली. तींत नऊ तत्त्वें आहेत, आणि पांचवें तत्त्व उद्योगांनीं मानवी हक्कांचा आदर करावा असें सांगतें. त्याच सुमारास राष्ट्रीय कृति-योजनेचा "शून्य मसुदा" प्रसिद्ध झाला. नांव ठेवणाऱ्याच्या प्रांजळपणाचें आम्हांस कौतुक वाटतें. पुढें शेअर-बाजाराचें नियमन करणाऱ्या सेबीनें सर्वांत मोठ्या १,००० नोंदलेल्या कंपन्यांवर २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून जबाबदारीचा अहवाल देण्याची सक्ति केली. सक्ति आहे ती अहवालाची. आणि अहवाल लिहिणार कोण, तर ज्याच्याविषयीं तो लिहावयाचा तीच कंपनी. आपल्याकडे एका पुराणिकबुवांची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यांनीं वांगीं खाऊं नयेत असें पुराणांत सांगितलें. बायकोनें तें ऐकून घरीं वांगीं केलीं नाहींत, तेव्हां बुवा रागावून म्हणाले, पुराणांतलीं वांगीं पुराणांत! आमच्या सरकारच्या या सर्व तत्त्वांची गत त्याहून वेगळी नाहीं.

हा प्रकार अगदींच नवा आहे असेंहि नाहीं. इंग्लंडनें आणि आमच्या मुंबईनें हा धडा पूर्वीं एकदां गिरविला आहे. इंग्लंडांत कापसाच्या गिरण्यांतील उमेदवार मुलांसाठीं १८०२ सालीं पहिला कायदा झाला. मुलांना दिवसाला १२ तासांहून अधिक राबवूं नये, रात्रीं काम देऊं नये, असें त्यांत स्वच्छ लिहिलें होतें. परंतु देखरेख सोंपविली होती बिनपगारी पाहुण्यांवर, म्हणजे गांवच्या एका न्यायाधीशावर आणि एका धर्मोपदेशकावर. गिरणीमालकाच्या पंगतीस बसणारे हे गृहस्थ गिरणींत जाऊन काय पाहणार? तीस वर्षें तो कायदा कागदावर राहिला. १८३३ सालीं जेव्हां चार पगारी तपासनीस नेमले गेले आणि त्यांस हवें तेव्हां गिरणींत शिरण्याचा अधिकार मिळाला, तेव्हांपासून कायद्याला पाय फुटले. चारच माणसें; परंतु त्यांच्या हातीं अधिकार होता.

मुंबईंत १८८१ सालीं जो पहिला कारखाने-कायदा आला, त्यानें सात वर्षांखालील मुलांस गिरणींत घेण्यास बंदी केली, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचें काम नऊ तासांवर आणलें. एवढ्या तुटपुंज्या कायद्यावरहि त्या काळच्या राष्ट्रीय वृत्तपत्रांनीं कडाडून टीका केली. हा कायदा लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनीं मत्सरानें घडवून आणला आहे, आमच्या बाल्यावस्थेंतील उद्योगाचा गळा घोटण्याचा हा डाव आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. लँकेशायरचा मत्सर खोटा नव्हता. परंतु त्या मत्सरामुळें सात वर्षांचें मूल दहा वर्षांचें होत नव्हतें, हें सांगणारा आवाज वेगळ्याच बाजूनें आला. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं गिरणी-कामगारांच्या सभा भरवून आठवड्याची एक सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांति, वेळेवर पगार आणि अपघातांत भरपाई या मागण्या मांडल्या. १८९० सालीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी कबूल केली आणि १८९१ च्या कायद्यानें आठवड्याची सुटी बंधनकारक झाली. त्यामुळें मुंबईच्या गिरण्या बुडाल्या नाहींत. त्यांची संख्या पुढें वाढतच गेली.

हा धडा आतां आपल्याच घरांत लावून पाहूं. आम्ही मुद्दाम अशी वस्तु निवडतों कीं, जी प्रत्येक वाचकाच्या स्वयंपाकघरांत डब्यांत भरलेली आहे. ती म्हणजे साखर. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणी, धाराशिव, अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या कोरडवाहू भागांतून लाखों माणसें घरांना कुलपें लावून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या ऊसपट्ट्यांत उतरतात. नवरा-बायको मिळून एक "कोयता" समजला जातो. मुकादम कारखान्याकडून पैसा आणतो आणि हंगामापूर्वींच त्या जोडप्यास "उचल" देतो. मग पांच-सहा महिने पहांटेपासून ऊस तोडावयाचा, मोळ्या बांधावयाच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरावयाची, आणि टनांच्या हिशेबानें उचल फेडावयाची. एक दिवस पडून राहिलें तर "खाडा" लागतो, म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर दंडहि कापला जातो. हंगाम संपला तरी उचल फिटली नाहीं, तर राहिलेलें देणें पुढच्या हंगामाच्या मानेवर बसतें. राहण्यास फडाजवळ वा कारखान्याजवळ उभारलेली कोपी. पाणी, शौचकूप, न्हाणी यांचा बहुधा अभाव. या जोडप्यांतील बाईचें नांव कोणत्याहि वहींत नसतें. उचल घेतांना अंगठा नवऱ्याचा, हिशेबाचे वेळीं उभा राहणारा नवरा. ती केवळ अर्धा कोयता.

या अर्ध्या कोयत्याचें पुढें काय होतें तें २०१९ सालीं जगास कळलें. बीड जिल्ह्यांतील ऊसतोड स्त्रियांपैकीं पुष्कळजणींचीं गर्भाशयें ऐन तारुण्यांत काढून टाकण्यांत आल्याचा बोभाटा झाला, आणि विधान परिषदेच्या उपसभापति डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं शासनानें समिति नेमली. पाहणींत आलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकीं १३,८६१ स्त्रियांचीं गर्भाशयें काढलेलीं आढळलीं. म्हणजे शंभरांत सुमारें सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांत हें प्रमाण शंभरांत सुमारें तीन होतें. दोन्ही पाहण्यांतील वयोगट तंतोतंत जुळणारे नसतील हें मान्य करूनहि सतरा आणि तीन यांतील अंतर भरून निघत नाहीं. पाळीच्या दिवसांत विसांवा नाहीं, स्वच्छतेस पाणी नाहीं. त्यांतून जडणाऱ्या व्याधींवर खाजगी डॉक्टरनें सांगितलेला तोडगा शस्त्रक्रियेचा. आणि ती करून घेतली तर निदान दरमहा खाडा पडणार नाहीं ही आशा. स्त्रीनें आपल्या शरीराचा एक अवयव मजुरीच्या हिशेबांत वजा करावा, आणि शस्त्रक्रियेच्या खर्चासाठीं पुन्हां उचल घ्यावी, याला कोणत्या मार्गदर्शक तत्त्वाखालीं नोंदवावयाचें?

यावर शासनानें काय केलें तेंहि पाहिलें पाहिजे. बीड जिल्ह्यांत जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीवांचून खाजगी रुग्णालयांत अशी शस्त्रक्रिया करूं नये, असा निर्बंध घालण्यांत आला. निर्बंध योग्यच आहे. परंतु तो पडला डॉक्टरावर. खाडा कापणाऱ्यावर नाहीं, उचल देणाऱ्यावर नाहीं, ज्याच्या गव्हाणींत तो ऊस पडतो त्यावर तर नाहींच. २०१९ सालींच ऊसतोड कामगारांसाठीं कल्याण महामंडळ स्थापण्याचा निर्णय झाला. तेंहि वाईट नाहीं. पण कल्याण आणि हक्क यांत दान आणि देणें यांइतकें अंतर आहे. दान देणारा आपल्या सवडीनें देतो व घेणाऱ्याकडून कृतज्ञतेची अपेक्षा करतो; देणें मात्र ठरल्या दिवशीं चुकतें करावें लागतें, आणि न केल्यास दारीं जप्ती येते.

आणि जप्ती कशी आणावी हें या शासनास ठाऊक नाहीं असें थोडेंच आहे? याच साखर-धंद्यांत, याच कारखान्यांवर, तें दरसाल जप्तीचें हत्यार उगारतें. १९६६ सालच्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणें कारखान्यानें ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्यास ठरलेली किंमत चुकती केली पाहिजे. उशीर झाल्यास शेंकडा १५ प्रमाणें व्याज दिलें पाहिजे. आणि तरीहि न दिल्यास ती रक्कम जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल करतां येते. पुण्याचे साखर आयुक्त असे वसुलीचे आदेश काढतात आणि कारखान्यांच्या गोदामांतील साखरेवर टांच येते. गाळपाचा परवाना हंगामागणिक घ्यावा लागतो, आणि थकबाकीदाराचा परवाना अडवून ठेवतां येतो. शेतकऱ्यास हें संरक्षण मिळालें याचा आम्हांस आनंदच आहे. तें त्यानें रस्त्यावर उतरून, गाड्या अडवून मिळविलें आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्या शासनाच्या हातीं परवाना आहे, आयुक्त आहे, जप्ती आहे, आणि ज्यानें सहकारी कारखान्यांच्या भांडवलांत पैसा घातला व त्यांच्या कर्जांना हमी दिली, त्या शासनानें ऊस पिकविणाऱ्यासाठीं कायदा आणि ऊस तोडणारीसाठीं आवाहन असा भेद करावा, याला काय म्हणावें? अज्ञान म्हणवत नाहीं, असहायता म्हणवत नाहीं. उरतें तें एकच: इच्छा नाहीं.

कारखानदारांचें पहिलें उत्तर आम्हांस ठाऊक आहे. तोडणी करणारे आमचे नोकर नव्हेत, ते मुकादमाचे; मुकादम वाहतूकदाराचा; आमचा संबंध फक्त उसाशीं. हें उत्तर ऐकण्यास नेटकें, पण टिकणारें नाहीं. तोडणीचा दर ठरविण्यास कोण बसतो? सहकारी साखर कारखान्यांचा संघ एका बाजूस आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना दुसऱ्या बाजूस. जानेवारी २०२४ मध्यें दर ३४ टक्क्यांनीं वाढविण्याचा करार झाला तोहि असाच. ज्यांच्याशीं आपला संबंध नाहीं त्यांच्या मजुरीचा करार जगांत कोणता मालक करतो? तोडणी-वाहतुकीचा खर्च कारखान्याच्याच वह्यांत पडतो, आणि शेतकऱ्याच्या बिलांतून तोच कारखाना तो कापून घेतो. म्हणजे खर्चापुरता मजूर आपला आणि जबाबदारीपुरता परका! ठेकेदारानें मजुरी बुडविली तर मूळ मालकानें ती द्यावी, हें तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानें मान्य केलें होतें, आणि पुढें नव्या श्रमसंहितेंतहि तें टिकलें आहे. तें उसाच्या फडापर्यंत चालत जाईल एवढीच व्यवस्था करावयाची आहे.

दुसरें उत्तर असें कीं, उचल मजूर स्वखुशीनें घेतो. याचें खंडन आम्हीं करण्याची गरज नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें तें केव्हांच केलें आहे. दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठीं बांधकाम करणाऱ्या मजुरांच्या खटल्यांत १९८२ सालीं न्यायालयानें स्पष्ट सांगितलें कीं, भूक आणि दारिद्र्य यांनीं लादलेली सक्ति हीहि सक्तीच होय, आणि किमान वेतनाहून कमी मजुरीवर करवून घेतलेलें काम हें संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदानें निषिद्ध ठरविलेली वेठ आहे. हा अनुच्छेद खाजगी मालकांसहि बांधतो, ही गोष्ट मुद्दाम ध्यानांत घेण्यासारखी आहे. संयुक्त राष्ट्रांनीं २०११ सालीं सांगितलेल्या गोष्टीचा गाभा आमच्या संविधानानें १९५० सालींच, आणि तोहि "करावें" या भाषेंत नव्हे तर "करतां येणार नाहीं" या भाषेंत सांगून ठेविला आहे. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ पासून आहे. अर्थात् सरकारांनीं परदेशांतून तत्त्वें आणून त्यांचीं भाषांतरें करीत बसण्यापेक्षां घरांतील शस्त्रास गंज चढूं दिला नसता तरी पुष्कळ झालें असतें.

तिसरें उत्तर देशाभिमानाचें. हे सारे नियम म्हणजे आमचा माल अडविण्यासाठीं युरोपनें रचलेला सांपळा आहे, असें कोणी म्हणतात. असेलहि. बड्या राष्ट्रांचा परोपकार आम्ही सहसा स्वार्थावेगळा पाहिलेला नाहीं. परंतु १८८१ सालीं लँकेशायरविषयीं जें म्हटलें गेलें तेंच आज ब्रसेल्सविषयीं म्हटलें जात आहे, आणि तेव्हांचें उत्तरच आजहि पुरेसें आहे. परक्यानें बोट दाखविलें म्हणून घरांतील घाण सुवासिक होत नाहीं. परक्यानें बोट दाखवूं नये असें वाटत असेल, तर त्याच्या आधीं आपण केर काढावा. देशाभिमानाची ती अधिक मानी रीत आहे.

राहतां राहिला खर्चाचा मुद्दा. कारखाने कर्जांत आहेत, हें खरें. परंतु त्यांतील किती कर्ज मजुरांच्या सुखसोयींमुळें झालें? यंत्रानें तोडणी करूं अशी धमकीहि अधूनमधून ऐकूं येते. यंत्रें येतील तेव्हां येवोत. त्यामुळें आज फडांत उभ्या असलेल्या बाईचें देणें चुकत नाहीं. आम्ही काय मागतों? गाळपाचा परवाना देण्यापूर्वीं तोडणी करणाऱ्या प्रत्येक स्त्रीपुरुषाचें नांव स्वतंत्रपणें कारखान्याच्या नोंदवहींत असावें. जिचा कोयता तिच्या नांवें मजुरी जमा व्हावी. मुकादमाचें कमिशन निराळें दाखवावें. आजारपणाचा, पाळीचा वा बाळंतपणाचा खाडा कापणें हा गुन्हा ठरावा. जेथें कोप्या पडतील तेथें पाणी, शौचकूप, पाळणाघर आणि आठवड्यांतून एकदां स्त्री-डॉक्टर असल्यावांचून परवाना मिळूं नये. हें सर्व पाहण्यास, सूचना न देतां फडांत शिरणारा तपासनीस असावा. आणि शेतकऱ्याची थकबाकी ज्या मार्गानें वसूल होते, त्याच मार्गानें मजुराचीहि व्हावी. यांत नवें असें एकहि हत्यार नाहीं. सारीं हत्यारें साखर आयुक्तांच्या कचेरींत आधींच ठेवलेलीं आहेत. तीं केवळ दुसऱ्या एका माणसासाठीं उचलावयाचीं आहेत.

सरकार मानवी हक्कांचा आदर वाढवितें कीं नाहीं हें त्याच्या अहवालांची पानें मोजून ठरवूं नये. त्याची कसोटी तीन साध्या प्रश्नांची आहे. हक्क मोडला तर जबाबदार कोण, हें नांवानिशीं लिहिलें आहे काय? तें पाहण्यास दार उघडून आंत जाणारा कोणी आहे काय? आणि जिचा हक्क मोडला तिला तक्रार करण्यास, पुढच्या हंगामाची उचल न गमावतां, एक तरी जागा आहे काय? या तिन्ही प्रश्नांस "नाहीं" असें उत्तर येत असतां सरकारनें उद्योगांच्या सदाचरणाविषयीं कितीहि परिषदा भरविल्या, तरी तें सरकारचें काम झालें असें आम्ही मानणार नाहीं.

शेवटीं वाचकांनाहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. हा प्रश्न मंत्रालय आणि कारखाने यांच्यामधलाच आहे असें समजून सुशिक्षित कुटुंबांनीं अलिप्त राहावें हें आम्हांस मान्य नाहीं. संक्रांतीस आपण तिळगूळ वांटतों तेव्हां हंगाम ऐन भरांत असतो. पाडव्यास गुढीवर साखरेची गाठी चढते तेव्हां तीं माणसें परतीच्या वाटेस लागलेलीं असतात. साखर खाऊं नका असा उपदेश आम्ही करीत नाहीं. उपदेशाचें काय होतें तें वर सांगितलेंच आहे. परंतु आपल्यांतील पुष्कळजण कारखान्यांचे सभासद आहेत, सहकारी बँकांचे ठेवीदार आहेत, वकील आहेत, डॉक्टर आहेत, आणि मतदार तर सर्वच आहेत. पुढच्या वार्षिक सभेंत उसाच्या दराविषयीं, लाभांशाविषयीं नेहमींचे प्रश्न विचारून झाल्यावर एक प्रश्न आणखी विचारावा: गेल्या हंगामांत आपल्या कारखान्यासाठीं किती स्त्रियांनीं ऊस तोडला, आणि त्यांचीं नांवें कोठें लिहिलीं आहेत? उत्तर मिळणार नाहीं. तें मिळेपर्यंत, दर सभेंत, दर वर्षीं, तो प्रश्न विचारीत राहिलें पाहिजे.